हळद साठवायची की विकायची, हे एक्सेल शीटवरून ठरवावे का?

आपण लिहिले आहे की मुलाने केलेल्या शीटप्रमाणे १०० क्विंटल हळद आठ महिने कोल्ड स्टोरेजला ठेवल्यास १ लाख ६८ हजार रुपये नफा दिसतो, तर त्यासाठी मालतारण कर्ज (माल गहाण ठेवून मिळणारे कर्ज) काढावे का? मी सांगलीत गेली बावीस वर्षे व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. शीट अवश्य करावी, कारण व्याज एक टक्क्याने वाढले तर काय होईल हे वहीत पुन्हा मांडायला जो वेळ जात असे तो आता जात नाही. पण त्या नफ्याच्या आकड्यावर विसंबून कर्जाच्या कागदावर सही करू नये.

आपलेच आकडे घेऊ. आजच्या १४ हजार भावाने माल १४ लाखांचा, १२ टक्क्यांनी आठ महिन्यांचे व्याज १ लाख १२ हजार, भाडे आणि हमाली २० हजार. एकूण १५ लाख ३२ हजार. आठ महिन्यांनी १७ हजार भाव धरून विक्री १७ लाखांची, म्हणून नफा १ लाख ६८ हजार. (बँक पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही, तरी स्वतःच्या पैशावरही व्याज धरले आहे ते योग्यच आहे.) घट, म्हणजे साठवणीत कमी होणारे वजन, मात्र कोठेच धरलेली नाही. ती दोन टक्के आली तरी विकायला ९८ क्विंटलच उरतात आणि नफा ३४ हजारांनी उतरतो. त्याहून मोठा प्रश्न १७ हजार या विक्रीच्या भावाचा आहे. व्याज बँकेने सांगितलेले, भाडे स्टोरेजवाल्याने सांगितलेले, पण हा भाव आपल्या मनातला. शीटमध्ये तिन्ही आकडे एकाच ठशात शेजारी बसतात आणि सारखेच पक्के वाटू लागतात. म्हणून उलट विचारावे, की किती भावाला निदान तोटा होत नाही? घट धरून उत्तर येते सुमारे १५,६३३ रुपये. नवी आवक तोंडावर असताना तो मिळेल का, हे मार्केट यार्डात आयुष्य घालवलेल्या आपल्यालाच ठरवावे लागेल.

सूत्रेही तपासावीत. एका बेदाणा व्यापाऱ्याच्या शीटमध्ये भाड्याची रक्कम मी मेसेजमधून उचलून चिकटवली होती. एक्सेलने ती आकडा न मानता मजकूर मानली आणि बेरजेतून वगळली. बाकीचे आकडे सेलच्या उजव्या कडेला आणि ती एकटीच डावीकडे, कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण. मला ते दिसले नाही. त्या फुगलेल्या नफ्यावर त्यांनी माल आणखी तीन महिने थांबवला, याची खंत मला आजही आहे. मोठ्यांच्याही हातून हे घडते. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० सालच्या सरकारी कर्जावरील निबंधात सरासरीचे सूत्र ४९ व्या ओळीऐवजी ४४ व्या ओळीवर थांबले होते, त्यामुळे पाच देश हिशेबाबाहेर राहिले, आणि ते उघड व्हायला २०१३ साल उजाडले.

मुलाला भावाचा सेल वेगळ्या रंगात करायला सांगावे आणि १६, १५ व १४ हजारांना काय उरते ते काढून घ्यावे. घट धरून १४ हजारांना १ लाख ६० हजारांचा तोटा येतो. तो घरच्या पैशातून झेपणार असेल तरच कर्जाचा अर्ज करावा.