वाचक विचारतात : रेष सरकते ती कुणामुळे?

प्रश्न : आम्ही सोलापुरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी. गावोगावी सॉफ्टवेअर रेडिओ (संगणकाच्या मदतीने चालणारे रेडिओ) बसवून आयनांबराचा, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराचा, अभ्यास करणारे जाळे उभारतोय. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ, आहे. 10 मेगाहर्ट्झवर चीनचे बीपीएम हे वेळकेंद्र (अचूक वेळेचे संकेत देणारे रेडिओकेंद्र) लागते. रोज दुपारी पडद्यावरची त्याची वारंवारतेची रेष 5 हर्ट्झपर्यंत सरकते आणि तासभर तिथेच राहते. हा आयनांबराचा परिणाम धरायचा का?

उत्तर : नाही. आधी पत्र्यावर संशय घ्या. 10 मेगाहर्ट्झला 1 हर्ट्झ सरकायला लहरीचा मार्ग सेकंदाला 30 मीटरने बदलावा लागतो. 5 हर्ट्झ तासभर टिकायचे तर मार्ग 540 किलोमीटरने बदलायला हवा! उलट, डोंगलची वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलमध्ये 1 पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत एका भागाचा, फरक पडला की थेट 10 हर्ट्झची चूक होते, आणि सोलापुरी उन्हात पत्र्याखाली तेवढे सहज होते.

खात्री करायला जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसने ताळ्यावर ठेवलेला ऑसिलेटर, 10.0002 मेगाहर्ट्झवर, म्हणजे केंद्राच्या रेषेपासून 200 हर्ट्झवर, लावा. तो अँटेनाच्या सॉकेटला जोडू नका, डोंगलचे इनपुट भरून जाईल. वीतभर तार केबलजवळ ठेवली तरी पुरते. दोन्ही रेषा एकदम सरकल्या तर दोष डोंगलचा. तूर्त दोन्हींतला फरकच नोंदवा. कायमचा इलाज म्हणजे डोंगलचा 28.8 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून त्याजागी जीपीएसडीओचे 28.8 मेगाहर्ट्झ देणे.

खरा परिणाम पाहायचा तर पहाट गाठा. सूर्य उगवताना परावर्तन खालून होऊ लागते, मार्ग आखडतो, रेष वर चढते, संध्याकाळी उलट. मात्र केंद्र सुमारे 3,800 किलोमीटर लांब असल्याने हे घडते ते सोलापूरच्या डोक्यावर नव्हे. दोन उड्यांचा, म्हणजे आयनांबरावरून दोनदा परतणारा, मार्ग धरला तर सोलापूरकडून पहिले परावर्तन छत्तीसगडच्या आसपास पडते. सूर्योदयाची वेळही तिथलीच घ्या.

डायपोलच्या (दोन तारांच्या अँटेनाच्या) दोन्ही बाजू 7.1 मीटरच्या ठेवा. थेट सॅम्पलिंगमध्ये (डोंगल लहरीचे नमुने सरळ 28.8 मेगाहर्ट्झने घेतो तेव्हा) 18.8 मेगाहर्ट्झवरचे काहीही 10 वर येऊन बसते, म्हणून 10 मेगाहर्ट्झचा बँडपास फिल्टर, म्हणजे तेवढाच पट्टा आत सोडणारी गाळणी, हवाच. यंत्रमाग आणि एलईडीच्या ड्रायव्हरांचा गोंगाट फिल्टरने जात नाही; त्यासाठी अँटेनाच लांब न्यावी लागते.

सेकंदाला 10 नमुने पुरेत. दर नमुन्याला 16 बिटांच्या दोन आकड्यांच्या जोडीने दिवसाची फाइल साडेतीन एमबीच्या आत राहते. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदवा, म्हणजे रोजची फाइल आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होईल. आणि वळवाचे ढग दिसले की केबल डोंगलपासून काढून ठेवा.