तुझ्या वहीत अंश आहे, छेद लिहायचा राहिलाय

तुझं पत्र दोनदा वाचलं, आधी थोडक्यात पत्रात काय होतं ते सांगते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. ही मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या थर्ड इयरला आहे, आई ११ वर्षं वृद्धांच्या केअर होममधे केअरटेकर आहे. मधे आईच्या मजल्यावर उलट्या-जुलाबाची साथ आली, आधी तिथे राहणारे आजी-आजोबा आजारी पडले आणि मग स्टाफ, आणि ही रोज रात्री आईला विचारून एका वहीत लिहीत गेली की आज कोण पडलं, कधीपासून, कुठल्या खोलीतलं. तिला संसर्गजन्य रोगांवर रिसर्च करायचाय. लॅबला जाऊ का पब्लिक हेल्थला, गणित कच्चं आहे ते चालेल का, आणि बाबा विचारतात की यात नोकरी कुठे आहे, असे तीन प्रश्न आहेत. चौथी गोष्ट प्रश्न म्हणून लिहिलेली नाही पण मला तीच सगळ्यात मोठी वाटली, आई म्हणते, "मी ११ वर्षं हे केलं ते तू परत त्याच आजारांच्या जागी जावंस म्हणून नाही."

आता तुझ्याशीच बोलते. तू ज्याला नुसती वही म्हणतेस ना, त्याला या फील्डमधे लाइन लिस्ट म्हणतात. साथीचा तपास करणारी माणसं कुठेही गेली तरी पहिल्या दिवशी तीच बनवतात, एका माणसाची एक ओळ, वय, लक्षणं, कधी सुरू झाली, कुठे राहतो, काय काम करतो. तुला कोणी शिकवलं नव्हतं आणि तरी तू ती बनवलीस. फक्त एक गोष्ट राहिली, तुझ्या वहीत आजारी पडलेल्यांच्याच ओळी आहेत, न पडलेल्यांची एकही नाही. म्हणजे अपूर्णांकातला अंश आहे, छेद नाही. मजल्यावरचे ९ जण पडले हे कळतं, पण १० पैकी ९ की ४० पैकी ९, आणि जे वाचले ते काय वेगळं करत होते, हे त्या वहीतून कधीच कळणार नाही. मला विचारशील तर या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, मोजताना कोण सुटलं ते शोधणं. आणि सुटणाऱ्यांमधे बऱ्याचदा आईसारखी काळजी घेणारी माणसं असतात.

खूप जुनं उदाहरण देते. व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमधे दोन प्रसूती वॉर्ड होते, एकात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी, आणि पहिल्या वॉर्डात बाळंतिणी कितीतरी जास्त मरायच्या. तिथल्या सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरकडे दोन्ही वॉर्डांचे आकडे होते, किती बाया आल्या आणि त्यातल्या किती गेल्या, म्हणून तर फरक दिसला. पण कारण सापडेना. ते सापडलं १८४७ मधे, त्याचा सहकारी कोलेट्श्का याला शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या सुरीनं बोटाला कापलं आणि तो त्यातच गेला, आणि त्याच्या पोस्टमॉर्टेममधे जे दिसलं ते बाळंतिणींमधे दिसायचं तसंच. म्हणजे शवविच्छेदन करून आलेले हातच आजार नेत होते. मग क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि त्या वॉर्डातले मृत्यू एप्रिलमधे १८ टक्क्यांच्या आसपास होते ते जून-जुलैपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आले. हात धुण्याची ही गोष्ट सगळे सांगतात पण मला त्यातलं ते कापलेलं बोट जास्त महत्त्वाचं वाटतं, काम करणाऱ्या माणसाला झालेल्या इजेतून पेशंटच्या आजाराचं कारण कळलं.

आणि आजही गोष्ट फार बदललेली नाही. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत जगभर ८,००० च्या वर केसेस झाल्या, त्यातले साधारण २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते. कार्लो अर्बानी हे डब्ल्यूएचओचे डॉक्टर व्हिएतनाममधे हनोईला होते, हा काहीतरी वेगळाच आजार आहे हे त्यांनी ओळखून सगळ्यांना सावध केलं आणि त्याच आजारानं २९ मार्च २००३ ला ते गेले. कोविडमधे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात किती आरोग्य कर्मचारी गेले असतील याचा डब्ल्यूएचओचा अंदाज बघ, ८०,००० ते १,८०,०००. एवढी मोठी रेंज का? कारण कितीतरी ठिकाणी मृत्यूची नोंद झाली पण हा माणूस काम काय करायचा हे त्यातून कळायला मार्गच नव्हता. फॉर्मवरचा एक रकाना नीट भरला जात नाही आणि लाखभर माणसांचा हिशोब लागत नाही. हा रकाना भरून घेणं हेही रिसर्चच आहे.

आता लॅब की पब्लिक हेल्थ. तू पत्रात लॅबबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि त्या मजल्याबद्दल दीड पान, मला वाटतं उत्तर तुझं तूच दिलंयस. पण मायक्रोबायोलॉजी वाया जाणार नाही, उलट तीच तुझी ताकद. उदाहरणार्थ ती साथ नोरोव्हायरसची, म्हणजे उलट्या-जुलाब करणाऱ्या एका व्हायरसची होती की नाही हे टेस्टशिवाय कोणी सांगू शकत नाही, पण समजा होती, तर अल्कोहोलवालं सॅनिटायझर त्यावर नीट चालत नाही, साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात आणि लक्षणं थांबल्यावरसुद्धा निदान ४८ तास कामावर यायचं नसतं, हे तुला व्हायरसच्या रचनेपासून समजावता येईल. इथून पुढचा प्रश्न मात्र लॅबमधे सुटत नाही. तूच लिहिलंयस की आईच्या बरोबरच्या एक मावशी रात्रभर उलट्या होऊनही दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आल्या कारण न आल्यास त्या दिवसाचा पगार कापतात. त्या मावशींना ४८ तासांचा नियम माहीत नव्हता म्हणून त्या आल्या असं समजू नको, माहीत असता तरी त्या आल्याच असत्या. कोविडच्या पहिल्या लाटेनंतर इंग्लंडमधे व्हिवाल्डी नावाचा अभ्यास झाला, ५,००० हून जास्त केअर होम्सना विचारलं, संसर्ग झालेली आणि न झालेली दोन्ही, आणि दिसलं की जिथे आजारपणाची पगारी रजा होती तिथे संसर्ग कमी, आणि जिथे एजन्सीचा स्टाफ वरचेवर लागायचा तिथे जास्त. पगारी रजा आणि ड्युटीचं टाइमटेबल हे संसर्ग रोखायचे उपाय आहेत हे आकड्यांनी दाखवलं, आणि ते दाखवता आलं कारण छेद होता.

गणिताचं म्हणशील तर खरं सांगते, स्टॅटिस्टिक्सपासून सुटका नाही. पण ते अकरावी-बारावीच्या गणितासारखं नसतं, अपूर्णांक, टक्के, शक्यता इथून सुरू होतं आणि हळूहळू रिग्रेशनपर्यंत, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे आकड्यांवरून काढण्यापर्यंत जातं, आणि प्रत्येक आकड्यामागे माणूस माहीत असला की कच्च्या गणितवाल्या मुलीही करतात, मी अशा बऱ्याच बघितल्यात. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीत तेवढं सुरू कर, रोज अर्धा तास पुरे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच क्लासमधे शिकवत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी नर्सिंग स्टाफचा सर्व्हे करायला गेली होती, प्रश्न होता की तुम्ही ग्लोव्ह्ज वापरता का, सगळ्यांनी हो लिहिलं. तिला पटेना म्हणून परवानगी काढून ती एक अख्खी शिफ्ट वॉर्डच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसली. ग्लोव्ह्जचा बॉक्स टोकाला टेबलावर, बेड दुसऱ्या टोकाला, आणि पेशंट पलंगावरून घसरतोय, तेव्हा बाई आधी त्याला धरणार का बॉक्सकडे धावणार? तिनं प्रश्नच बदलला, तुमच्या वॉर्डात ग्लोव्ह्जचा बॉक्स कुठे ठेवलेला असतो. त्यानंतर जी उत्तरं आली ती खरी उपयोगाची. तुला हे नव्यानं शिकावं लागणार नाही, तू आईचं ऐकत मोठी झालीयस, कुठला प्रश्न विचारला की बाई खरं सांगेल आणि कुठला विचारला की "हो हो वापरते" म्हणेल हे तुला कळतं.

कोर्सचं सांगायचं तर ग्रॅज्युएशननंतर एमपीएच (पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स) किंवा एपिडेमिऑलॉजीतलं, म्हणजे आजार कोणाला, कुठे आणि का होतात या अभ्यासातलं मास्टर्स बघ, पण नाव बघून अॅडमिशन घेऊ नको, सिलॅबस उघड आणि बायोस्टॅटिस्टिक्स नीट आहे का आणि फील्डवर काम करून प्रबंध लिहावा लागतो का एवढं तपास, हे दोन नसतील तर सोड. माझं स्वतःचं मत असं की त्याआधी एक वर्ष कुठल्यातरी रिसर्च प्रोजेक्टवर डेटा गोळा करायचं काम कर, पैसे फार मिळणार नाहीत पण फॉर्म कुठे चुकतात ते कळतं. पुढे अनुभव झाला की फील्ड एपिडेमिऑलॉजी ट्रेनिंग प्रोग्रॅम असतात, साधारण २ वर्षांचे, काम करता करता शिकायचे, अमेरिकेनं १९५१ मधे असा पहिला सुरू केला आणि आता बऱ्याच देशांत आहेत.

बाबांना सांग की नोकऱ्या आहेत, सरकारी रोग-सर्वेक्षण विभाग, हॉस्पिटलचं इन्फेक्शन कंट्रोल, विद्यापीठं, संस्था, पण हेही सांग की बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात, दोन-तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, साथ आली की पैसा येतो आणि साथ ओसरली की आटतो. हे लपवून कोणी तुला या लाइनमधे पाठवू नये. स्टॅटिस्टिक्स पक्कं असलेल्या माणसाला मात्र एका प्रोजेक्टवरून दुसरीकडे जाणं सोपं जातं, म्हणून मी त्यावर एवढा जोर देतेय.

आणि आई. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांची भीती बरोबर आहे हेही सांग. सुई टोचण्याचंच बघ, पेशंटला आजार असेल तर एका टोचण्यातून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता लस नसलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत असते, हिपॅटायटिस सी ची त्याहून बरीच कमी, २ टक्क्यांच्या आत, एचआयव्हीची ०.३ टक्के. यातल्या पहिल्यावर लस आहे. तू फील्डवर जायच्या आधी ती तिन्ही डोस पूर्ण घे आणि आईची झालीय का तेही विचार, मला शंका आहे की त्यांना कोणी विचारलंच नसेल. टोचलं तर लगेच साबण-पाण्यानं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, एचआयव्हीसाठीचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. भीतीवर असंच एकेक उत्तर द्यायचं, "काही होत नाही गं" म्हणून नाही.

वहीबद्दल एक महत्त्वाचं. त्यात खरी नावं आहेत, आजारी म्हाताऱ्या माणसांची आणि आईबरोबर काम करणाऱ्यांची. तिचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नको, मैत्रिणीलाही पाठवू नको. नावांच्या जागी नंबर टाकून नवीन वही कर आणि जुनी फाडून टाक. खऱ्या रिसर्चमधे आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, प्रत्येकाची संमती लागते, आणि कोणी काय सांगितलं हे सुपरवायझरला कधीही कळता कामा नये, कारण "मी उलट्या होत असताना ड्युटीवर आले" हे एक वाक्य कोणाचीतरी नोकरी घालवू शकतं.

नवीन वही करताना आईला विचारून त्या मजल्यावर त्या आठवड्यात ड्युटीला असलेल्या सगळ्यांच्या ओळी लिही, पडलेल्या आणि न पडलेल्या. दोन रकाने वाढव, दुसरीकडेही काम करतात का, आणि आजारपणात पगार मिळतो का. मग एक चौकोन आखून त्याचे चार भाग कर, वरच्या दोनात पगारी रजा असलेले, खालच्या दोनात नसलेले, डावीकडे आजारी पडलेले आणि उजवीकडे न पडलेले. एवढ्या थोड्या माणसांवरून काही सिद्ध होणार नाही पण हात बसेल. ते चार आकडे मला पाठव, फक्त आकडे.

आणि आईची ओळ विसरू नको. पत्रात सगळ्यांचं लिहिलंस, त्या आठवड्यात आई आजारी पडल्या होत्या का, ते कुठेच नाही.