करारात ‘पाळीव प्राणी चालणार नाहीत’ असं लिहिलंय. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांजर गुपचूप ठेवता येईल का?

येईल, पावसाळा लागेपर्यंत. मांजर उघडं पडतं ते ओरडण्याने नाही, वासाने. मुतातल्या यूरिक आम्लाचे कण पाण्याने निघत नाहीत. दमट हवा लागली की खोली पुन्हा घमघमते. त्यावर फिनेल ओतू नका. वास तेवढ्यापुरता दबतो आणि नंतर मुतातले घटक तोडणारं एन्झाइमवालं क्लीनरही धड काम करत नाही. आधी कापडाने टिपून घ्या, मग क्लीनर सढळ ओता, फरशीच्या सांध्यांत मुरू द्या, पंधरा मिनिटं तरी हात लावू नका.

दाराची खालची कड बघा. तिथे सनमायका नसतो, लाकूड उघडंच. ते मूत पिऊन फुगतं आणि घर सोडताना मालक नेमका तिथे वाकून बघतो. डिपॉझिटमधून अख्ख्या दाराचे पैसे जातात. राहायला जाताच त्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात मारून घ्या.

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली बेंटोनाइटची, म्हणजे गठ्ठे होणाऱ्या मातीची वाळू कमोडमध्ये टाकू नका. फुगून पाइपात घट्ट बसते, मग खालच्या मजल्यावरून तक्रार येते. ट्रेमध्ये पाच-सहा सेंटिमीटर थर ठेवा, गठ्ठे रोज काढा. बोका असेल तर पाच-सहा महिन्यांचा असतानाच नसबंदी करा. वयात आला की भिंतीवर मुताचे फवारे मारतो.

आता कायदा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सगळे फडकवतात. त्या सोसायटीसाठी आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तुमची सही मात्र मालकाबरोबरच्या करारावर आहे. अकरा महिने संपल्यावर त्याने नूतनीकरण नाकारलं की विषय संपला. त्यानंतर घर अडवून बसलात तर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट भरपाई लागू शकते.

‘ठेवा हो, कोण बघतंय!’ हे एजंटांचं पेटंट वाक्य. त्यांची दलाली चावी देतानाच वसूल होते, अडकतं ते तुमचं डिपॉझिट. नवा करार करताना मसुदा आला की नोंदणीसाठी अंगठा देण्याआधीच ‘एक नसबंदी केलेलं मांजर ठेवण्यास परवानगी’ हे कलम घालून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’वर विसंबू नका.

कुत्रा असेल तर लपवाछपवीचा प्रश्नच नाही, शिवाय महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस लागतेच. आणि घर शोधताना एजंटाला पहिल्याच फोनवर सांगा, मांजर आहे. त्याने फोन ठेवला तर ठेवू दे.