करिअर मार्गदर्शन : विद्यापीठाचा क्रीडा विभाग चालवायचा आहे

पत्र : माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून ती स्पर्धात्मक पोहत होती; खांद्याच्या दुखापतीमुळे गेल्या वर्षी तिला थांबावे लागले. आता अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि पुढे तिथल्या एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे नेतृत्व करायचे, असे तिने ठरवले आहे. ही पदे माजी फुटबॉलपटूंनाच मिळतात, असे मला सांगण्यात आले. असा विभाग यशस्वीपणे चालवणे म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी तिने आतापासून कशाची तयारी करावी?
— एक वडील

सप्रेम नमस्कार.

आपल्या कन्येने निवडलेले क्षेत्र आपल्याकडे फारसे परिचित नाही, म्हणून आधी एका शब्दाचा उलगडा करतो. ‘अ‍ॅथलेटिक्स’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धावणे, उड्या आणि फेकीचे प्रकार येतात. अमेरिकी विद्यापीठात मात्र ‘अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंट’ म्हणजे सर्व आंतरविद्यापीठीय खेळांचा कारभार पाहणारा विभाग, आणि त्याचा प्रमुख तो ‘अ‍ॅथलेटिक डायरेक्टर’. आपण त्याला क्रीडा संचालक म्हणू. या विभागांची मध्यवर्ती संघटना ‘एनसीएए’ १९०६ मध्ये स्थापन झाली. तिच्या सुमारे अकराशे सदस्य संस्थांमधून पाच लाखांहून अधिक विद्यार्थी-खेळाडू खेळतात. १९७३ पासून या संस्था तीन श्रेणींत विभागल्या गेल्या आहेत. पहिल्या श्रेणीतील मोठ्या विभागांची उलाढाल कोट्यवधी डॉलरची असते, तर तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणून ‘क्रीडा संचालक’ या एकाच पदनामाखाली प्रत्यक्षात फार वेगवेगळी कामे येतात, हे प्रथम लक्षात घ्यावे.

यशस्वी विभाग कोणता, याचे लोकांना दिसणारे उत्तर म्हणजे ‘डायरेक्टर्स कप’. एखाद्या विद्यापीठाच्या अनेक खेळांतील कामगिरीचे गुण एकत्र मोजून १९९३-९४ पासून हा करंडक दिला जातो, आणि १९९४-९५ ते २०१८-१९ अशी सलग २५ वर्षे तो स्टॅनफर्डने जिंकला. याच स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये आपल्या ३६ खेळांपैकी ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले, आणि खेळाडू व माजी विद्यार्थ्यांच्या तीव्र विरोधानंतर मे २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला. जो विभाग पाव शतक देशात पहिला राहिला, त्यालाही आपले जवळजवळ एक तृतीयांश खेळ परवडेनासे वाटले, ही गोष्ट मला करंडकांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

याचे कारण विभागाच्या जमाखर्चात आहे. मोठ्या विद्यापीठांत उत्पन्न प्रामुख्याने फुटबॉलमधून (म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून वेगळ्या अमेरिकी फुटबॉलमधून) आणि त्याखालोखाल पुरुषांच्या बास्केटबॉलमधून येते : प्रक्षेपणाचे हक्क, तिकिटे, प्रायोजक आणि देणग्या. पोहणे, कुस्ती, टेनिस, नौकानयन अशा बहुतेक खेळांना मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा खर्च जास्त असतो, आणि फुटबॉलच्या सर्वोच्च गटात खेळणाऱ्या विद्यापीठाला किमान १६ खेळ चालवावेच लागतात. एका-दोन खेळांच्या कमाईवर बाकीचे खेळ उभे असतात, म्हणजे क्रीडा संचालकाचे खरे काम वाटपाचे आहे. जे खेळ पैसा आणत नाहीत, त्यांतील मुलामुलींच्या वाट्याला तो काय ठेवतो, यावरून मी त्याचे यश मोजतो. सामने जिंकण्याचे काम प्रशिक्षक आणि खेळाडू करतात, परंतु ही वाटणी त्याच्याशिवाय कोणी करत नाही.

गेल्या काही वर्षांत ही वाटणी अधिकच कठीण झाली आहे. जून २०२१ मध्ये ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ या खटल्यात खेळाडूंच्या शिक्षणविषयक लाभांवर मर्यादा घालण्याबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा वापरू देण्याबद्दल मोबदला घेण्याची मुभा मिळाली. पुढे जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली, आणि या तडजोडीत सामील झालेले विद्यापीठ २०२५-२६ या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना देऊ लागले. ज्यांच्या श्रमावर हा सारा डोलारा उभा आहे, त्यांना त्यातील वाटा मिळावा, हे मला न्याय्यच वाटते. परंतु ही रक्कम त्याच अंदाजपत्रकातून जाते, आणि ती उभी करताना कात्री प्रथम कोणत्या खेळाला लागते, हे आपल्या जलतरणपटू कन्येला वेगळे सांगावे लागणार नाही.

तिने अभ्यासावे असे एक प्रकरण तिच्याच खेळातले आहे. आयोवा विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये पुरुषांचा जलतरण संघ, महिलांचा जलतरण संघ, पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स आणि पुरुषांचे टेनिस असे चार संघ बंद करण्याचे जाहीर केले. महिला जलतरणपटूंनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचा आधार होता १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा : केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारावर भेदभाव करता येत नाही, आणि खेळण्याची संधीही त्यात येते. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने महिलांचा संघ बंद करण्यास तात्पुरती मनाई केली, फेब्रुवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने तो संघ कायम ठेवल्याचे जाहीर केले, आणि पुढे महिलांची कुस्तीही सुरू केली. पुरुषांचे तिन्ही संघ मात्र गेले. क्रीडा संचालकाच्या टेबलावर येणारे जवळजवळ सर्व प्रश्न या एका प्रकरणात आहेत : तूट, कायदा, खेळाडूंचा विश्वास, माजी विद्यार्थ्यांचा रोष, आणि निर्णय जाहीर करण्यापूर्वी संबंधितांशी किती बोलणे झाले होते हा प्रश्न.

या कामासाठी तिचे वाणिज्याचे शिक्षण कमी नाही. १९९४ च्या एका कायद्यानुसार तिथल्या बहुतेक विद्यापीठांना पुरुष व महिला संघांतील खेळाडूंची संख्या, संघनिहाय खर्च, शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षकांचे वेतन यांची माहिती दरवर्षी द्यावी लागते, आणि ती अमेरिकी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तिने तीन संस्था निवडाव्यात : पहिल्या श्रेणीतील एक मोठे विद्यापीठ, दुसऱ्या श्रेणीतील एक आणि तिसऱ्या श्रेणीतील एक लहान महाविद्यालय. त्यांची पाच वर्षांची आकडेवारी समोर ठेवून, प्रत्येक ठिकाणी अंदाजपत्रकात दहा टक्के कपात करायची झाली तर ती कोठे करेल आणि का, हे दोन पानांत लिहावे. एकही संघ बंद न करता ही कपात होते का, हे आधी पाहावे. प्रवास, निवास आणि प्रशिक्षकांचे करार यांत पुष्कळदा वाव असतो. हा अभ्यास मनापासून केला, तर हे काम आपल्याला आवडते की केवळ त्या पदाचे आकर्षण आहे, हे तिचे तिलाच उमगेल.

पैशाखालोखाल, किंबहुना पैशाच्याही आधी, येते ती सुरक्षितता. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा एक फुटबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला. अशा वेळी शरीर तातडीने थंड पाण्यात बुडवून तापमान उतरवणे हा मान्य उपचार आहे. तो तेथे झाला नाही. त्यानंतरच्या चौकशीत दिसून आले, की त्या संघातील अनेक खेळाडू तक्रार करण्यास घाबरत होते आणि विभागाच्या देखरेखीत गंभीर उणिवा होत्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी या मृत्यूची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. खेळाडूने पुन्हा मैदानात कधी उतरायचे, हा निर्णय डॉक्टर आणि क्रीडा-वैद्यकीय कर्मचाऱ्यांचाच असला पाहिजे, आणि त्यांच्यावर प्रशिक्षकाचा दबाव येणार नाही अशी रचना उभी करणे हे क्रीडा संचालकाचे काम आहे. दुखणारा खांदा घेऊन पाण्यात उतरणे काय असते, आणि ‘दुखते आहे’ हे प्रशिक्षकाला सांगायला किती धीर लागतो, हे आपल्या कन्येने अनुभवले असणार. ही जाण तिने आयुष्यभर जपावी. मोठ्या पदावर गेल्यावर नेमकी हीच विसरली जाते.

खेळाडूंच्या अभ्यासाकडेही क्रीडा संचालकाला पाहावे लागते. पहिल्या श्रेणीतील प्रत्येक संघाचा शैक्षणिक प्रगतीचा निर्देशांक काढला जातो. कमाल गुण १००० असतात, आणि चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की संघ हंगामानंतरच्या अजिंक्यपद स्पर्धांना मुकू शकतो. नियमपालनाचे म्हणाल, तर १९८७ मध्ये खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉलचा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला होता, एवढे उदाहरण पुरे आहे.

आता आपण ऐकलेल्या गोष्टीविषयी. माजी फुटबॉलपटू आणि फुटबॉल प्रशिक्षक या पदांवर दीर्घकाळ मोठ्या संख्येने होते, आणि पहिल्या श्रेणीत महिला आजही अल्पसंख्य आहेत. हे मी लपवणार नाही. परंतु ज्युडी स्वीट यांनी १९७५ मध्येच सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पुरुष व महिला अशा दोन्हींच्या एकत्रित क्रीडा विभागाची सूत्रे हाती घेतली आणि १९९१ मध्ये त्या एनसीएएच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. अलीकडे निधी-संकलन, कायदा आणि वित्त या बाजूंनी आलेले लोकही क्रीडा संचालक होताना दिसतात. वाट मात्र लांब आहे : नियमपालन, शैक्षणिक साहाय्य, तिकीटविक्री किंवा देणगी-संकलन यांपैकी एका कक्षातील कनिष्ठ पद, मग सहायक संचालक, सहयोगी संचालक, उपसंचालक. यात पंधरा-वीस वर्षे सहज जातात, आणि शनिवार-रविवार बहुतेक सामन्यांतच संपतात. आपल्या कन्येला माझा आग्रहाचा सल्ला असा, की पहिली नोकरी नियमपालन कक्षात शोधावी. तेथे प्रत्येक संघाशी संबंध येतो, आणि प्रशिक्षकाला ‘हे करता येणार नाही’ असे शांतपणे सांगण्याची सवय होते. करार, नेमणुका आणि अंदाजपत्रक या सर्व ठिकाणी पुढे हीच सवय उपयोगी पडते.

अभ्यासक्रमांपैकी ओहायो विद्यापीठाचा क्रीडा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६६ मध्ये सुरू झाला आणि तो या विषयातील पहिला मानला जातो. तेथे एमबीएसह दुहेरी पदवीचीही सोय आहे. विद्यापीठाच्या नावापेक्षा एक गोष्ट अधिक पाहावी : क्रीडा विभागात प्रत्यक्ष काम देणारे पदव्युत्तर साहाय्यकपद मिळते का? त्यातून पुष्कळदा शुल्कमाफी आणि दरमहा मानधन मिळते. लहान विभागात, विशेषतः तिसऱ्या श्रेणीत, अशा साहाय्यकाच्या हाती अनेक कामे येतात. मोठ्या विभागात एकाच कामाचा लहानसा तुकडा येतो. शिकण्यासाठी मी लहान विभाग निवडेन.

व्हिसाचा विचार आजच करावा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, आणि पदवीनंतर साधारण एक वर्ष प्रत्यक्ष कामाची परवानगी मिळते. क्रीडा व्यवस्थापनाला विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी वाढीव मुदत सहसा लागू होत नाही. उच्च शिक्षणसंस्थांना नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या वार्षिक संख्यामर्यादेतून सूट आहे, ही या क्षेत्राची जमेची बाजू. पण हे नियम आणि त्यांचे शुल्क बदलत असल्याने अर्जाच्या वेळी अधिकृत माहिती पुन्हा तपासावी. एका वर्षात नोकरी मिळाली नाही तर काय, याचे उत्तर तिच्याकडे अर्ज करण्यापूर्वी असावे. दुहेरी पदवी किंवा वित्त विषयाची जोड मला याच कारणासाठी सुचवावीशी वाटते.

अर्ज भरण्यास अजून अवधी असेल, तर या वर्षी तिने आपल्या जुन्या जलतरण संघाच्या किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या स्पर्धेचे संपूर्ण आयोजन अंगावर घ्यावे : वेळापत्रक, पंच, वैद्यकीय पथक, जमाखर्च आणि हरकतींची सुनावणी. त्या स्पर्धेचा हिशेब आणि वर सांगितलेली दोन पाने तिने अर्जासोबतच्या निवेदनात आधारासाठी वापरावीत. ती दोन पाने आपणही वाचा आणि कोणत्या खेळाला तिने कात्री लावली, याचे कारण तिला विचारा; निवड समितीही तिला बहुधा हेच विचारील.