‘अवर्गीकृत’ कागद आणि गुराख्याची पाळत

प्रश्न असा आहे: सरकारने स्वतःच्याच नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीची जुनी कागदपत्रे लोकांना पाहण्यासाठी मोकळी होतात, तेव्हा त्यांना मराठीत ‘अवर्गीकृत दस्तऐवज’ म्हणावे काय, आणि ‘पाळत’ हा शब्द जरा ओबडधोबड वाटतो, म्हणून त्याच्या जागी ‘देशांतर्गत निगराणी’ लिहिणे अधिक शिष्टसंमत ठरेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘मुळीच नाही’ असे.

‘अवर्गीकृत’ हा शब्द मी २०१५ पासून, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याविषयीच्या फायलींची चर्चा वृत्तपत्रांत सुरू झाली तेव्हापासून, सतत ऐकत आलो आहे आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे ग्रंथालयाच्या कोपऱ्यात अजून क्रमांक न पडलेल्या पुस्तकांचा ढीग उभा राहतो. मराठीत वर्गीकरण ग्रंथपाल करतो, टपाल कार्यालयातला कर्मचारी करतो, आणि अलीकडे ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण आपण सर्वच करतो; त्या क्रियेत गुप्ततेचा लवलेशही नाही. ज्याचे हे भाषांतर आहे त्या इंग्रजी ‘डीक्लासिफाइड’ शब्दात जो ‘क्लास’ आहे तो गुप्ततेच्या श्रेणींचा आहे. आपण श्रेणी उचलली आणि गुप्तता तिथेच टाकून आलो. त्यामुळे ‘वर्गीकृत कागद’ म्हटल्यावर मराठी माणसाला स्थळे आणि जागा भाड्याने देण्याच्या छोट्या जाहिराती आठवल्या, तर त्यात त्याचा काही दोष नाही.

याहून गंभीर आक्षेप असा की या एका शब्दाने दोन वेगळ्या गोष्टींचा घोटाळा होतो. जो कागद कधी गुप्त नव्हताच तो एक आणि जो गुप्त होता पण ज्याच्यावरची गुप्तता नंतर काढून घेतली गेली तो दुसरा. आपल्या कायद्यात हा भेद चांगलाच महत्त्वाचा आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या १० व्या कलमानुसार गुप्ततेची श्रेणी असलेला कोणताही सरकारी कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवता येत नाही. आणि १२ व्या कलमानुसार तिथे सोपवलेले, तीस वर्षांहून जुने व तशी श्रेणी नसलेले कागदच अभ्यासकाला पाहता येतात. म्हणजे पाळतीच्या कागदावरची गुप्तता आधी कोणीतरी अधिकाऱ्याने सहीनिशी उठवायला हवी, मग तो कागद अभिलेखागारात जायला हवा, आणि मग तो वाचकाच्या टेबलावर यायला हवा. या प्रवासातल्या पहिल्या पायरीचे नाव आणि प्रवास संपल्यानंतरच्या स्थितीचे नाव एकच ठेवले, तर मधल्या पायऱ्यांवर कागद कुठे अडला हे विचारण्याची भाषाच उरत नाही. माहितीच्या अधिकाराच्या दाराने जावे, तर २००५ च्या त्या कायद्याच्या २४ व्या कलमाने इंटेलिजन्स ब्युरोसारख्या गुप्तवार्ता संस्थांना, भ्रष्टाचार व मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप वगळता, मुळातच बाहेर ठेवले आहे.

मराठीत यासाठी एक सरळ क्रियापद शतकानुशतके राबते आहे. आपण जप्ती उठवतो, बंदी उठवतो, वेढा उठवतो. तशीच गुप्तता उठवतो. ‘गुप्तता उठवलेले कागद’ हे मला पुरेसे वाटते. ‘गोपनीयतामुक्त’ असे कोणी सुचवले, तर मला ते रोगमुक्त गावासारखे ऐकू येते. पण चूक म्हणता येणार नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की सरकारी उतरंडीत ‘गुप्त’ ही पायरी वरची आणि ‘गोपनीय’ ही खालची आहे. ज्याने सरकारी नोकरी केली आहे त्याला दरवर्षीचा ‘गोपनीय अहवाल’ ठाऊक असतो आणि त्यात काय लिहिले आहे हे बहुधा शिपायापासून सर्वांना ठाऊक असते.

‘दस्तऐवज’ही इथे नको. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याला हाताने धरून राहता येते, ज्याच्या आधारावर हक्क सांगता येतो, तो दस्तऐवज. खरेदीखत हा दस्तऐवज आहे. एखाद्या हवालदाराने पानाच्या ठेल्याआड उभे राहून कोण कोणाच्या घरी किती वाजता गेले हे टिपले, तर तो दस्तऐवज नव्हे, ते टिपण आहे, आणि त्याच्या आधारावर हक्क सांगायचाच तर तो ज्याच्यावर टिपण झाले त्याने सांगायचा.

आता ‘पाळत’. हा शब्द ओबडधोबड असल्याचे ज्यांना वाटते त्यांनी त्याचे कुळ पाहिलेले नाही. ‘रंगणे’पासून ‘रंगत’ आणि ‘बचणे’पासून ‘बचत’, तशी ‘पाळणे’पासून ‘पाळत’. ज्या क्रियापदाने पाळणा दिला, पाळीव प्राणी दिले, व्रत, वेळ आणि शब्द पाळायला शिकवले, त्याच क्रियापदाच्या पोटी हा दाराआडून पाहणारा शब्द जन्मला. संस्कृतात मागे गेले की ‘पालयति’, आणि त्याच्याही मागे ‘पा’, म्हणजे राखणे. गाई राखतो तो ‘गोपा’. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्याच सूक्तात अग्नीला ‘गोपामृतस्य’ म्हटले आहे, ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, राखणदार. तेव्हा हा गुराखी वाङ्मयात फार मोठ्या मानाने शिरला आहे.

आणि इथे मला वर्षानुवर्षे आनंद देत आलेली गोष्ट येते. ‘गुप्त’, ‘गोपन’, ‘गोपनीय’, ‘गुप्तचर’, ‘गुप्तवार्ता’ या सर्वांचा धातू ‘गुप्’ हा स्वतंत्र धातू नाहीच. तो याच ‘गोपा’ शब्दातून, म्हणजे ‘गो’ आणि ‘पा’ यांच्या जोडणीचा विसर पडल्यावर, उलटा कोरून काढलेला आहे. प्रथम गुराखी होता, मग गुराख्यासारखे वागणे, ‘गोपायति’, आले, मग राखणे, आणि राखायचे तर दुसऱ्याच्या दृष्टीआड ठेवावे लागते, म्हणून लपवणे. म्हणजे पाळतीतला ‘पा’ आणि गोपनीयतेतला ‘पा’ हे एकच. माणसांवर नजर ठेवणे आणि ती नजर ठेवल्याचे कागद दडवणे ही दोन्ही कामे भाषेने एकाच गुराख्याकडे दिली आहेत. ‘गुप्तचर’ या शब्दातला ‘चर्’ धातूही मुळात हिंडण्याचा, आणि मराठीत आज त्याच्यापासून गुरे चरतात. सारे कुरण पुरे झाले.

परंपरेचे अभिमानी यावर उसळतात. धातुपाठात, म्हणजे पाणिनीय व्याकरणातल्या धातूंच्या यादीत, ‘गुपू रक्षणे’ असे स्पष्ट पढले असताना त्या धातूला पोरका ठरवणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सूर असतो. धातुपाठ ही शब्द सिद्ध करण्याची सोय आहे, शब्दांच्या जन्माची नोंदवही नव्हे, एवढे त्यांनी मान्य केले असते तर वाद तिथेच मिटला असता. पण त्यांचाच पाणिनी माझ्या बाजूने साक्ष देतो. ‘गुप्’पासून सरळ ‘गोपति’ न होता ‘गोपायति’ होते, यासाठी त्याला तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात मूठभर धातूंसाठी ‘आय’ प्रत्यय सांगणारे खास सूत्र घालावे लागले. ज्याला ‘गोपायति’ हे ‘गोपा’ या नामावरून झालेले क्रियापद आहे हे मान्य आहे त्याला या सूत्राची गरजच पडत नाही. शिवाय ऋग्वेदात ‘गोपा’ पदोपदी भेटतो आणि ‘गुप्’चे क्रियापद शोधावे लागते, ते सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तात ‘जुगुपुः’ या रूपाने सापडते, आणि तिथे बारा महिन्यांचा दैवी क्रम राखणारे कोण, तर बेडूक. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही ‘गुप्’चे मूळ ‘गोपा’ असेच दिले आहे. ते परदेशी म्हणून त्यांना नाकारणाऱ्यांनी निदान बेडकांना तरी नाकारू नये.

जाता जाता, याच धातूच्या इच्छार्थक रूपातून ‘जुगुप्सा’ निघाली आहे: स्वतःला राखण्याची, दूर ठेवण्याची इच्छा, म्हणून किळस. आपल्या घरची पत्रे तिसऱ्याच माणसाने उघडून, उतरवून घेऊन, पुन्हा चिकटवून पाठवली होती हे ज्याला पन्नास वर्षांनी कागदावर वाचायला मिळते, त्याला जे वाटते त्याला दुसरा शब्द नाही.

आणि हे कल्पनेतले उदाहरण नव्हे. राष्ट्रीय अभिलेखागारात आलेल्या इंटेलिजन्स ब्युरोच्या फायलींवरून २०१५ मध्ये उघड झाले की कोलकात्यातील वुडबर्न पार्क आणि एल्गिन रोड येथील बोस कुटुंबाच्या घरांवर १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षे पाळत होती. नेताजींचे पुतणे शिशिरकुमार आणि अमियनाथ यांची पत्रे वाचली जात होती. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला पश्चिम बंगाल सरकारने आपल्याकडच्या ६४ फायली खुल्या केल्या आणि त्या कोलकाता पोलिसांच्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवल्या; २३ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने १०० फायलींच्या संगणकीय प्रती प्रसिद्ध केल्या. ही पाळत परकीय राजवटीची नव्हती, स्वतंत्र देशाने आपल्याच माणसांवर ठेवलेली होती. आणि नेमका हाच अर्थ ‘पाळत’ या शब्दात आधीपासून मुरलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. हेर शत्रूच्या मुलखात पाठवायचा असतो. जे आपण पाळतो, त्याच्यावर पाळत. म्हणून ‘देशांतर्गत पाळत’ हीदेखील द्विरुक्तीच होय.

इथे हुशार वाचक मला हटकतो: चोरसुद्धा घरावर पाळत ठेवतो, तो काय ते घर पाळतो? हा आक्षेप माझ्यावर पूर्वी एका व्याख्यानात भर सभेत घेतला गेला होता आणि तेव्हा मी दिलेले उत्तर आजही देतो की चोराच्या मनात ते घर आधीच त्याचे झालेले असते. हे उत्तर काहींना पटत नाही. पण कौटिल्याला पटले असते. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात स्वतःच्या राज्यात फुटण्याजोग्या आणि न फुटणाऱ्या लोकांवर गुप्तपणे लक्ष ठेवण्याचे प्रकरण आहे आणि त्याचे नाव ‘स्वविषये कृत्याकृत्यपक्षरक्षणम्’ असे आहे, म्हणजे रक्षण. त्याच्या लगतच्या, परराज्याविषयीच्या प्रकरणाचे नाव मात्र ‘उपग्रह’, म्हणजे आपल्याकडे ओढून घेणे. त्या रक्षणाची रीत अशी की दोन गुप्त माणसांनी तीर्थांवर, सभांत, गर्दीच्या जागी लटके भांडण काढावे, एकाने राजा दंड आणि कर यांनी छळतो म्हणावे, दुसऱ्याने त्याचे खंडन करावे, आणि भोवतालचे लोक काय बोलतात ते टिपावे. राखणे आणि टिपणे यांत फरक न करणारी दृष्टी इतकी जुनी आहे. मराठीने तिला एक शब्द दिला एवढेच. ‘निगराणी’ हा फारसीतून हिंदीमार्गे आलेला पाहुणा असून त्याच्याविषयी माझे वैर नाही, परंतु त्याच्यात गुराख्याची काठी नाही. ‘सर्वेक्षण’ तर आरोग्य खात्याने डास आणि साथी यांच्यासाठी घेतलेलेच आहे. ते तिथेच शोभते.

मूळ प्रश्न कागदांचा होता, तो राहिला. मराठी वाचकाला पाळतीचे कागद हाताळायचे असतील तर दिल्लीलाच जावे लागते असे नाही. तेव्हाच्या मुंबई सरकारने १९५७ आणि १९५८ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने म्हणून आपल्या दप्तरातील कागद इंग्रजीत छापले. त्यातला १८८५ ते १९२० या काळाचा दुसरा खंड उघडला, की लोकमान्य टिळकांच्या हालचालींविषयी ब्रिटिश पोलिसांनी केलेल्या नोंदी वाचता येतात. टिळकांवरची पाळत त्यांच्या निधनानंतर अडतीस वर्षांनी अशी छापील झाली. तो खंड प्रसिद्ध करताना कोणीही ‘अवर्गीकृत’ शब्द वापरल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नाही.

त्याआधीचे मोठे उदाहरण पुण्याच्या पेशवे दप्तराचे. ते पाळतीचे दप्तर नव्हे, राज्यकारभाराचे. पण ब्रिटिश सरकारने ते दीर्घकाळ अभ्यासकांपासून कुलपात ठेवले आणि इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० च्या सुमारास निघू लागले, तेव्हा कुठे ते वाचकांपर्यंत पोहोचले. त्या दप्तरातले कागद ज्या कापडी गाठोड्यांत बांधलेले असतात त्यांना ‘रुमाल’ म्हणतात आणि तिथे काम करणारी माणसे रुमाल ‘सोडतात’. गुप्तता उठवून अभिलेखागारात पोहोचलेला, पण रुमाल अजून न सुटलेला, यादीत न चढलेला कागद कोणाला दिसला, तर त्याला मात्र खुशाल ‘अवर्गीकृत’ म्हणावे.