वॉल ऑफ वॉटर: आमच्या कार्डावरून एक शब्द गळला होता

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळातल्या वॉल ऑफ वॉटर, म्हणजे पाण्याची भिंत उभी करणाऱ्या स्पेलबद्दलची (मंत्राबद्दलची) तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. 'वॉल ऑफ वॉटरचं रिंगण करून चौघं आत उभे राहिलो, तर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळायला हवा ना? डीएम नाही म्हणतोय.' (डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा; डीएम म्हणजे खेळ चालवणारा.) अगदी हाच वाद आम्ही घातला होता आणि त्या भांडणात आमचा रेंजर, म्हणजे तिरंदाज पात्र, गेला. तुमच्या डीएमचं बरोबर आहे.

कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला धरलेलं लक्ष), स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. आम्ही अजून २०१४चेच नियम खेळतो, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा. हा स्पेल २०१५ला 'एलिमेंटल ईव्हिल'च्या फुकट पीडीएफमध्ये आला आणि २०१७ला 'झनाथार्स गाईड'मध्ये. स्पेलच्या मजकुरात 'रेंज्ड वेपन अटॅक', म्हणजे लांबून शस्त्राने केलेला हल्ला, असं लिहिलंय. म्हणजे बाण, गोफणीचा दगड, फेकलेला भाला. जादूगाराने सोडलेला किरण हा रेंज्ड स्पेल अटॅक, त्याच्या फाशाला ही भिंत काहीही करत नाही.

आता माझा गाढवपणा. आमच्या ग्रुपमधल्या दोघांना इंग्रजी नियम वाचायचा कंटाळा, म्हणून मी मोठ्या हौसेने स्पेल्सची मराठी कार्डं केली होती. वॉल ऑफ वॉटरच्या कार्डावर लिहिलं: 'भिंतीतून येणाऱ्या लांबच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, आगीचं नुकसान निम्मं.' कार्ड छोटं, अक्षर मोठं, 'शस्त्राने' हा शब्द बसेना. गाळला. पुढे कित्येक महिने सगळे माझं कार्ड म्हणजे नियम समजून खेळलो, कोणी पुस्तक उघडलंच नाही.

मग एका रविवारी दुसरा मित्र डीएम झाला. आम्ही पाचव्या लेव्हलवर, माझं पात्र ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा. खिंडीत धनुष्यवाले गॉब्लिन आणि त्यांच्या मागे एक वॉरलॉक, म्हणजे जादूगार. मी ऐटीत २० फूट व्यासाचं, २० फूट उंचीचं रिंगण उभं केलं. गॉब्लिनांचे बाण चुकायला लागले, आम्ही खूश. मग वॉरलॉकने एल्ड्रिच ब्लास्ट सोडला. दोन किरण, प्रत्येकी १डी१० (दहा बाजूंचा एक फासा), तेही फोर्स डॅमेज, म्हणजे आगीची सवलतही नाही. डीएमने प्रत्येक किरणाला एकेकच डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकला, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज नाही. मी कार्ड पुढे केलं, 'हे बघ, लिहिलंय.' तो म्हणाला, 'कोणी लिहिलंय?'

तिथून पंधरा मिनिटं नुसती हमरीतुमरी.

पण खरी चूक कार्डाची नव्हती, त्यानंतरची होती. भिंतीला आतलं-बाहेरचं काही कळत नाही. आमचा रेंजरही आतूनच बाण मारत होता, म्हणजे त्यालाही प्रत्येक वेळी डिसअ‍ॅडव्हान्टेज. दुसऱ्या राउंडपर्यंत गॉब्लिन संपले होते. उरला फक्त वॉरलॉक. आता ती भिंत त्याला अजिबात अडवत नव्हती, फक्त आमच्या एकमेव तिरंदाजाला अडवत होती. मी कॉन्सन्ट्रेशन कधीही सोडू शकलो असतो, त्याला अ‍ॅक्शनसुद्धा लागत नाही. सोडलं नाही. तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच, त्यातला एक घातलाय, तो वाया कसा घालवू! रेंजरचे हिट पॉइंट्स (जीव मोजणारे गुण) शून्यावर येऊन तो पडला, पडल्यावर त्याला दोन किरण लागले, म्हणजे डेथ सेव्हमधली (मरण टाळायला टाकायच्या फाशांमधली) दोन अपयशं आयती. तिसरं त्याने स्वतःच्या फाशाने मिळवलं. तो मित्र अजून मला 'पाणीपुरवठा विभाग' म्हणतो.

तेव्हा धनुर्धारी बरोबर असेल तर रिंगण करूच नका, असं माझं ठाम मत. सरळ भिंत घ्या, ३० फूट लांब, १० फूट उंच. रेंजरने टोकाशी उभं राहायचं, बाहेर यायचं, बाण मारायचा, परत आड.

आगीचं मात्र कार्डावर बरोबर होतं. आग भिंतीतून पार होऊन तुमच्यापर्यंत आली तर नुकसान निम्मं. फायरबॉलचे ८डी६, सरासरी २८. सेव्ह (बचावाचा फासा) जमला तर १४, भिंतीमुळे ७, वर फायर रेझिस्टन्स (आगीचं नुकसान निम्मं करणारा गुण) असेल तर ३. रेझिस्टन्स शेवटी लावायचा. फायरबॉल रिंगणाच्या आत येऊन फुटला तर काय, यावर लोक भांडतात. गोळा भिंतीतून आला ना, मग मी निम्मंच देतो, पण तुमच्या टेबलवर तुमचा डीएम. रिंगणाला छप्पर नसतं हेही विसरू नका. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रॅगनने वरून आग ओकली तर ती पाण्याला शिवतही नाही.

विजेबद्दल स्पेलमध्ये अवाक्षर नाही. 'पाण्यातून करंट जातो' म्हणून जास्तीचं नुकसान लावणारे डीएम मला भेटलेत. लावा, पण स्पेल टाकण्याआधी सांगा. नंतर सांगणं ही लबाडी. तसंच 'डिफिकल्ट टेरेन'चं, म्हणजे भिंतीच्या जागेतून चालायला दुप्पट अंतर खर्ची पडतं त्याचं. भिंत एक फूट जाडीची आहे, ती ओलांडायला एक फूट जास्त लागतो. पूर्ण पाच फुटांचा चौकोन धरून दहा फूट कापणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं.

जाता जाता एक गोष्ट, जी त्या दिवशी सुचायला हवी होती. आमच्या विझार्डकडे (दुसऱ्या जादूगार पात्राकडे) रे ऑफ फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारा किरण, होता. थंडीचं नुकसान करणारा स्पेल भिंतीतून गेला की तेवढा भाग गोठतो, किमान ५ फुटांचा चौकोन. त्याला एसी (हल्ला लागायला फाशावर लागणारा आकडा) ५ आणि १५ हिट पॉइंट्स. विझार्डने आतून वॉरलॉकवर किरण मारला असता तर मधला तुकडा बर्फ झाला असता आणि वॉरलॉकला आधी तो फोडावा लागला असता. फुटलेल्या जागी पाणी परत भरत नाही, मोकळं भगदाड राहतं. आणि त्या भगदाडातून रेंजरला सरळ, साधा बाण मारता आला असता.