'वासंतीकरण' : काम थंडीचं, नाव वसंताचं?

प्रश्न असा आहे : काही गव्हांना बरेच दिवस थंडी लागल्याशिवाय ओंब्या येत नाहीत. या प्रक्रियेला 'वासंतीकरण' का म्हणायचं? 'शीतसंस्कार' जास्त बरोबर नाही का?

इथला वसंत म्हणजे ऋतू नव्हे, गव्हाचा प्रकार. रशिया-युक्रेनकडे एक गहू शरदात पेरतात, तो बर्फाखाली हिवाळा काढतो; दुसरा बर्फ वितळल्यावर पेरतात, तो 'यारोवोय', म्हणजे वासंतिक. पहिल्याचं बी भिजवून थंडीत ठेवलं तर तेही वसंतात पेरता येतं आणि त्याच हंगामात निसवतं. थंडीची ही गरज जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्टाव गासनर यांनी १९१८ मध्येच दाखवली होती. 'यारोविझात्सिया' हे नाव गाजवलं सोव्हिएत कृषिशास्त्रज्ञ त्रोफिम लिसेंको यांनी. त्याचंच इंग्रजीत व्हर्नलायझेशन झालं. आपला '-ईकरण' इथे चपखल बसतो : जे वासंत नव्हतं ते वासंत करणं. संस्कृत व्याकरणात याला 'अभूततद्भाव' म्हणतात.

आपला गोंधळ होतो, कारण आपला रब्बीचा गहू हिवाळ्यात वाढतो, पण जातीने वासंतिकच. त्याला या थंडीची गरज नसते. थंडीने येणारा फुलोरा आपल्याकडे पाहायचा तर कांद्यात. थंडी लांबली की पोकळ हिरवा दांडा वर येतो, टोकाला पांढऱ्या फुलांचा गेंद. शेतकरी म्हणतात, 'डेंगळे आले'. फार नेमका शब्द आहे हा.

तरी 'संस्कार' मला मनापासून आवडला, कारण त्यात स्मृती आहे. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिसमध्ये एफएलसी नावाचं जनुक फुलोरा रोखून धरतं. थंडीत आठवडेच्या आठवडे गेले की त्या जनुकाजवळच्या हिस्टोन प्रथिनांवर (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो) रासायनिक खुणा साचतात आणि जनुक गप्प होतं. ऊन तापलं, पेशी कितीदा विभागल्या, तरी ते गप्पच राहतं. नवं बी धरताना मात्र खुणा पुसल्या जातात आणि पुढच्या पिढीला थंडी पुन्हा सोसावी लागते. हा बदल पिढीजात टिकतो असं लिसेंको सांगत. ते चूक होतं.

तरीही संज्ञा म्हणून मी वासंतीकरणच ठेवीन. थंडीत तग धरायची तयारी ही वनस्पतीची निराळी करामत आहे. तिथे थंडी पडताच सीबीएफ नावाची जनुकं काही मिनिटांतच कामाला लागतात. 'शीतसंस्कार' म्हटलं तर ऐकणाऱ्याला यातलं कोणतं, ते कळणार नाही.